विहिरीत मारलेली हाक

कैद्याची गोष्ट मावशी दिवसातून आठ-दहा वेळा तरी सांगायची, आणि सुट्टीच्या दिवशी घसा बसेपर्यंत. सकाळी नऊला ती तिकिटाच्या खिडकीत बसे. दहा-बारा माणसं जमली की खिडकीला आतून कडी घाली, चष्मा कपाळावर चढवी आणि सगळ्यांना विहिरीच्या कठड्यापाशी घेऊन येई.

"खाली बघा, पण वाकून नको. पडलात तर मला वर काढता यायचं नाही," असं म्हणून ती सुरुवात करी. "ही विहीर चारशे वर्षांची. कुण्या राणीनं बांधली. सात टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर गोल फिरता येईल एवढी वाट. एकेचाळीस वर्षांपूर्वी डागडुजीसाठी तुरुंगातले तीस कैदी इथं आणले होते. त्यातला एक सहा फूट उंच, छाती कपाटाएवढी. त्यानं भरदुपारी, पहारेकऱ्याच्या नाकावर टिच्चून, तिसऱ्या टप्प्यावरून पाण्यात उडी घेतली. घेतली ती घेतलीच. चार दिवस पंप लावून पाणी उपसलं. तळ उघडा पडला. तळाशी चिखल, फुटक्या घागरी आणि एक चप्पल. माणूस काही नाही."

"मग गेला कुठं?" कुणीतरी विचारायचंच.

"कुणी म्हणतं खालून नदीपर्यंत भुयार आहे. कुणी म्हणतं विहिरीनं गिळला. पुरातत्त्व खातं म्हणतं, नोंद नाही."

लोक हसायचे. मग हमखास एखादी बाई विचारायची, "त्याला बायको नव्हती का?"

"होती. पोलिसांनी तिला जीपमधून इथं आणली, हातात भोंगा दिला आणि त्याला वर बोलवायला सांगितलं. तिनं बोलावलं."

"नवऱ्याला पकडून द्यायला? काय एकेक बायका असतात!"

"असतात खऱ्या," मावशी म्हणायची.

"मग तिचं काय झालं?"

"गेली असेल कुठंतरी. पायऱ्यांवर शेवाळ आहे, जपून उतरा." एवढं बोलून ती चष्मा नाकावर ओढून घ्यायची.

खरं म्हणजे कैदी सहा फूट नव्हताच. जेमतेम पाच फूट चार इंच, आणि छाती म्हणाल तर शर्ट कायम एका मापानं मोठा होणारी. ती चप्पलही त्याची नव्हती. मावशीला हे माहीत असायला हवं, कारण हाक मारणारी बायको तीच होती.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. अठराव्या वर्षी लग्न झालं ते एका गवंड्याशी. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, तीही मिस्त्रीच म्हणायची. आधी थट्टेनं, मग सवयीनं. एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत दोघांनी संसार मांडला. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे थंडीत सुख आणि उन्हाळ्यात जीव नकोसा. खोलीची एक भिंत जरा बाहेर झुकलेली होती. मिस्त्री पलंगावर पडल्या पडल्या तिच्याकडे बघून दात-ओठ खायचा. "ज्यानं ही उभी केली ना, तो भेटला तर मी त्याला ओळंबा म्हणजे काय ते शिकवीन." आणि एका रविवारी घरमालकाला न विचारता त्यानं अर्धी भिंत उतरवून पुन्हा बांधली. दोन दिवस दोघं घरात शेजारच्यांना दिसत बसली.

अशी दोन वर्षं गेली. मग एका इमारतीची भिंत पडली. ठेकेदारानं मालात नुसती वाळू कोंबली होती. भिंतीखाली दोन मजूर बायका गेल्या. मिस्त्रीनं महिनाभर आधीपासून घसा कोरडा करून सांगितलं होतं. त्या दिवशी ठेकेदार त्यालाच म्हणाला, "तुझं काम, तुझी जबाबदारी." मिस्त्रीनं त्याला ढकललं. मारायला नाही, नुसतं समोरून बाजूला करायला. ठेकेदार मागे पडला, डोकं दगडावर आपटलं आणि तो जागच्या जागी गेला. बारा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेची तीन वर्षं झाली तेव्हा विहिरीचं काम निघालं, आणि गवंडीकाम येणारा कैदी म्हणून त्याला इकडं पाठवलं.

तो नाहीसा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी जीप लाँड्रीपाशी येऊन थांबली. तिला इथं आणलं तर कठड्याभोवती ही गर्दी. साहेबानं तिच्या हातात भोंगा दिला. "कुठंतरी कपारीत लपलाय तो. तुझा आवाज ऐकला की येईल. सांग, वर ये, शिक्षा कमी होईल."

"कमी होईल?"

"तू बोलाव तर."

 नाही म्हणायची तिच्यात ताकद नव्हती, आणि बोलवायचंही नव्हतं. तेवढ्यात तिला एक सुचलं, म्हणजे सुचलं असंही नाही, तोंडातूनच आलं. कोर्टात एक शिपाई होता. आरोपींची नावं नाकातून, एका सुरात पुकारायचा आणि शेवटचा शब्द असा लांबवायचा की झोपलेला वकीलही दचकून उठावा. तारखांच्या वेळी बाकावर शेजारी बसलेला मिस्त्री, बेड्या हातात असताना, हळूच त्याची नक्कल करायचा. आणि ती, नवऱ्याच्या खटल्यात, पदर तोंडात कोंबून हसायची.

तर तिनं भोंगा तोंडाला लावला आणि त्या शिपायासारखं पुकारलं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, अगदी कोर्टाच्या कागदावर होतं तसं, सगळं नाकातून. आणि शेवटी, "हजर व्हाऽऽ!"

विहिरीनं तो आवाज सात टप्प्यांवरून फिरवून परत वर पाठवला. साहेब खूश झाला. खालून कुणी आलं नाही.

तिला म्हणायचं होतं, येऊ नका. ही मी बोलत नाही, हे कोर्ट बोलतंय. पण त्याला ते कळलं का? की खाली कुठंतरी अंधारात बसून तो म्हणाला, बायकोही त्यांच्यात सामील झाली? ह्या एका प्रश्नानं तिचं डोकं जे पोखरायला घेतलं, ते थांबलंच नाही. कूस बदलताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. वर्षभर ती लाँड्रीवरच्या खोलीत राहिली. जिन्यात बायका बोलायच्या थांबायच्या, पोलीस महिन्यातून दोनदा दार वाजवायचे. शेवटी एक दिवस तिनं पत्र्याची पेटी भरली आणि कुणाला अवाक्षर न सांगता ह्या गावी निघून आली. मिस्त्रीला शेवटचं जिथं कुणी पाहिलं ती जागा हीच. तो मेला असेल तर इथंच आहे. जगला असेल तर कधीतरी येईलच. गवंड्याला आपलं काम बघायला यावंसं वाटतं, असा तिचा हिशेब. तिनं नाव बदललं, विहिरीवर झाडलोटीचं काम धरलं, पुढं खात्यानं तिकिटाची खिडकी दिली. चाळीस वर्षं गेली. येणाऱ्या प्रत्येक बुटक्या पुरुषाकडे ती आधी बघायची आणि मग तिकीट फाडायची.

एका मंगळवारी दुपारी एकटीच एक बाई आली. तिशीची असेल. पाठीवर पिशवी, पायात धुळीचे बूट. गर्दी नव्हतीच. तिनं एकटीनं सगळी गोष्ट ऐकली, एकदाही हसली नाही.

"तिसऱ्या टप्प्यावर जाऊ देता का?"

"जाळी लावलीय. पण आज कुणी नाही. चल, मी येते."

दोघी खाली उतरल्या. मावशी गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत, ती बाई पुढं. तिसऱ्या टप्प्यावर पोचल्यावर ती पायरीपासून दगड मोजायला लागली. एकेकावर तळहात ठेवत नवव्यापाशी थांबली. बोटांनी सांधा चाचपला, आणि तसं करताना खालचा ओठ दातांत धरला.

 ओळंबा सोडताना अस्साच ओठ दातांत धरणारा एकच माणूस मावशीनं पाहिला होता.

"हाच," ती बाई म्हणाली. "ह्याच्यामागे पाण्याची जुनी नहर आहे. पुढं चुन्यानं बुजलेली. गुडघे पोटाशी घेतले तर एक माणूस बसू शकतो. त्यांनी उडी मारलीच नव्हती. पाण्यात एक मोठा धोंडा टाकला आणि आत सरकून हा दगड ओढून घेतला."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. म्हणजे लिहून ठेवलंय. मी आधी खोटंच मानलं. पण हा दगड बघा, बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट आत आहे." तिनं पिशवीतून वही काढली. "चार दिवस ते इथं बसून होते. चौथ्या दिवशी पोलीस कंटाळले, लोकांना खाली सोडायला लागले. बाहेरच्या एका गवंड्याचा जुना शर्ट त्यांनी आधीच आत लपवला होता. तो घातला, डोक्यावर गाळाचं घमेलं घेतलं आणि मजुरांच्या रांगेतून चालत वर गेले. वरती एका पोलिसानं ढकललं, 'ए, वाटेत उभा राहू नकोस.' तर हे त्यालाच विचारतात, 'साहेब, मिळाला का हो तो?'"

मावशीला हसू फुटलं. आपसूक, पोटातून. कारण तो आवाज तिला ऐकू आला होता. मग हसता हसताच तिनं विचारलं, "कुठं असतात तुझे बाबा?"

"गेले. मागच्या वर्षी. झोपेतच."

मावशी पायरीवर बसली. एका वाक्यात तिचा नवरा चाळीस वर्षं जिवंत झाला होता, आणि पुढच्या वाक्यात गेला होता. रडावं की काय करावं ते तिला कळेना.

"बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"गुडघे दुखतात. बस जरा." तिनं श्वास घेतला. "मला सांग त्यांच्याबद्दल. लोक विचारतात ना, गोष्टीसाठी हवं."

ती बाई शेजारी बसली. ती शाळेत भूमिती शिकवायची. बाबा बसनं सात तास लागणाऱ्या एका लांबच्या गावात गवंडीकाम करायचे, मग आईला बेकरीत मदत करू लागले, असं सांगायला लागली. मावशीनं मध्येच विचारलं, "खोकला गेला का गं त्यांचा? सिमेंटचा?"

"नाही. शेवटपर्यंत होता."

"आणि उशी? उशी फेकून द्यायचे? हातावर डोकं ठेवून झोपायचे?"

मुलीनं वही मिटली. "तुम्हाला हे कसं माहीत?"

 खोटं बोलायची मावशीला चाळीस वर्षांची सवय होती, पण ऐन वेळी ती सवयच हातची सुटली. "ती हाक मारणारी बाई. तिला मी ओळखते."

"जिवंत आहे? कुठंय?"

"तुला आत्ता तिकीट दिलं ना, तीच."

मुलगी उठून उभीच राहिली. दोन पायऱ्या वर चढली, थांबली. तिचा चेहरा आवळून आला होता. "म्हणजे मग माझी आई..."

"तुझी आई ती तुझी आई. तिच्या वाटेला जायला मी कोण? मी काही मागायला आले का कधी? तू आलीस, म्हणून बोलले."

 वरून कबुतरं फडफडत एका कोनाड्यातून दुसऱ्यात जात होती. मग मुलगी खाली उतरली आणि पूर्वीपेक्षा जरा अंतर ठेवून बसली.

"ते तुम्हाला शोधायला गेले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"पळाल्यावर सहा वर्षांनी. दाढी वाढवून, जुन्या खोलीवर. लाँड्रीवर होती ना खोली? तिथं दुसरंच बिऱ्हाड होतं. लाँड्रीवाला म्हणाला, ती गेली कधीच, पत्ता ठेवला नाही, दुसरं लग्न केलं असणार. बाबा तीन दिवस त्या गल्लीत फिरले. समोरच्या दुकानात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे विचारलं. मग परत गेले."

"दुसरं लग्न!" मावशी म्हणाली. "त्या मेल्याची इस्त्री मी दोन वर्षं पेटवून दिली."

आणि मग तिला ते नीट कळलं. पळालेला कैदी जगात कुठंही जाईल, पण जिथून पळाला तिथं परत पाऊल टाकणार नाही. शेंबडं पोरही सांगेल हे. तो घरी जाणार होता, आणि घर तिनं सोडलं. जिथं तो स्वप्नातही येणार नव्हता तिथं ती डोळ्यांत तेल घालून बसून राहिली. तिनं डोक्याला हात लावला. "अगं, मी कुठं बसले गं! कुठं बसले मी!"

तेव्हा मात्र मुलीनं अंतर मोडलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी ऑफिसच्या ओट्यावर उभं राहून मुलीनं आईला फोन लावला. सगळं सांगून झालं. मग फोनमधून बाहेर ऐकू येईल एवढ्या ठसक्यात आवाज आला, "घेऊन ये तिला. उद्याच. आणि माझ्यासमोर रडायचं नाही म्हणावं, मला जमत नाही ते बघायला."

मावशीनं रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं ह्यावर बराच वेळ अडली. शेवटी "घरगुती" असं लिहिलं, आणि तो शब्द लिहिताना तिचं तिलाच कसंसं झालं.

सात तासांचा प्रवास होता. बसमध्ये मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. मावशी जागी. तिच्या मनात एकच होतं, त्याला कळलं होतं का? मुलीला विचारायचा तिला धीर झाला नाही. वहीत हाकेबद्दल एकच ओळ होती, "तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकला." पुढं काहीच नाही. त्या एका ओळीतून काय समजायचं? मेला लिहायलाही आळशीच.

बेकरी गावाच्या चढावर होती आणि घर बेकरीच्या वर. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक उंच, काटकुळी बाई काठी टेकून उभी होती. तिनं मावशीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ये. मला वाटलं होतं उंच असशील."

"मला वाटलं होतं तुम्ही बुटक्या असाल," मावशी म्हणाली.

"मला अहो-जाहो नको. वयानं तू मोठी, मी ताई म्हणेन. बस. अंथरुणाकडे बघू नको, कालपासून आवरलं नाही. तू येणार म्हणून हातपायच चालेनात माझे."

मुलगी बॅग ठेवून खाली बेकरीत निघून गेली. शहाणी होती. बायका समोरासमोर बसल्या. खालून ताज्या पावाचा वास येत होता.

"लग्नाआधीच सांगितलं होतं त्यानं मला सगळं," आई म्हणाली. "तुझं, ठेकेदाराचं, विहिरीचं. म्हणाला, पहिली आहे, सापडली नाही, सापडली तर काय करायचं ते तेव्हा बघू. असं म्हणून कुणी लग्न करतं का? पण मी केलं. आणि ऐक, तीस वर्षं मी तुझ्याशी भांडत होते. मनातल्या मनात. भाजी खारट झाली तरी वाटायचं, हिला पहिलीसारखी जमत नाही असं म्हणतोय का हा. तुला ठाऊक तरी होतं का?"

"मला स्वयंपाक कुठं यायचा? भात तोच करायचा."

"काय?" ती बाई काठी आपटून म्हणाली. "मला कधी तसं म्हणाला नाही मेला! मला वाटलं, तू सुगरण!"

मग जरा मोकळं झालं. तिनं कपाटातून फोटो काढला. मुलीच्या पदवीच्या दिवशीचा. मधे एक म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, टकलाचा, कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारा. मावशीनं फोटो दूर धरला, जवळ घेतला. तिच्या डोळ्यांपुढं होता तो सत्तावीस वर्षांचा, केसांत चुन्याची धूळ असलेला. हा माणूस बसमध्ये शेजारी बसला असता तर तिनं त्याला जरा सरकून बसा म्हटलं असतं. चाळीस वर्षं ती बुटक्या पुरुषांकडे बघत होती. हा विहिरीवर आला असता तर तिनं तिकीट फाडून दिलं असतं.

"ओळखला नाहीस?"

"नाही गं."

"माझ्याकडे त्याचा तरुणपणाचा एकही नाही," आई म्हणाली. "तुझ्याकडे असेल म्हणून मी काल रात्रभर..."

"पोलिसांनी नेला. एकच होता."

 मग मावशीनं विचारलंच. भोंगा, साहेब, कोर्टातला शिपाई, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तो त्याबद्दल कधी काही बोलला? मी त्याला धरून द्यायला हाक मारली, असं वाटलं का त्याला? खरं सांग. आता खरं सांगितलंस तरी माझं काय वाईट व्हायचंय."

आई म्हणाली, "तुला हे माहीत नाही? एवढी वर्षं?"

"कोण सांगणार?"

"अगं, तो हसला!" ती म्हणाली. "त्या भोकात, गुडघे पोटाशी, तोंडात बाहीचा बोळा कोंबून. मला कितीदा सांगितलं असेल! म्हणायचा, तीन दिवस भुकेनं डोकं फिरलं होतं, ठरवलं होतं की बस्स, आता बाहेर जायचं आणि हात वर करायचे. तेवढ्यात वरून कोर्टाचा शिपाई! म्हणायचा, इतकं हसू आलं की दगड निसटतो की काय. आणि म्हणाला, मग कळलं, ही सांगतेय, येऊ नकोस. म्हणून आणखी एक दिवस काढला. सापडलाच असता गं तो. तू हाक मारलीस म्हणून राहिला आत." तिनं नाक पुसलं. "आमच्या घरी कुणी उशिरा जेवायला आलं ना, की तो जिन्यातून तसंच ओरडायचा. नाकातून. हजर व्हाऽऽ! ही पोरगी त्यावर वाढलीय. हिला माहीत नाही कुठून आलं ते."

मावशी रडली नाही. तसं तिला बजावलंच होतं. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून ती बसली. तो हसला होता. ती कूस बदलत होती, वाळत घातलेल्या कपड्यांमागे तोंड लपवत होती, लोकांचं 'काय एकेक बायका' दिवसाला आठ वेळा ऐकून घेत होती, आणि तो केव्हाच हसून मोकळा झाला होता. मग तिनं मान वर केली तर समोरची बाईच डोळ्याला पदर लावून बसलेली.

"तू म्हणालीस ना रडायचं नाही?"

"तुझं बघायला जमत नाही म्हटलं. माझं मी म्हटलं नव्हतं."

मावशी तिथं पाच दिवस राहिली. दिवसभर दोघी बोलायच्या. आई सांगायची तो उत्तरायुष्यात कसा होता, चष्मा कुठं विसरायचा, मुलीच्या तापात कसा वेडा झाला, शेवटी शेवटी नावं कशी विसरायला लागला. मावशी सांगायची तो तरुणपणी कसा चालायचा, केस किती दाट होते, एका रविवारी त्यानं भाड्याच्या घराची भिंत कशी उतरवली. आई डोळे मिटून ऐकायची. "थांब, केस कसे म्हणालीस? कपाळावर यायचे?" असं मध्येच विचारायची, आणि मावशी तिला पुन्हा सांगायची. कधी कधी दोघींपैकी एकीला दुसरीचा मत्सर वाटायचा. तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जायची, पाणी पिऊन परत यायची.

शेवटच्या दिवशी सकाळी मुलगी मावशीला घेऊन बाहेर पडली. आईचे गुडघे चढावर चालत नव्हते, ती खिडकीतून बघत राहिली. मुलगी जिथं शिकवायची त्या शाळेची कुंपणाची भिंत मिस्त्रीनं बांधली होती. दगडी, माणसाच्या छातीएवढी. चढावरून खाली नदीकडे गेलेली, आणि चढ-उताराला कुठं दबलेली नाही की फुगलेली नाही. ऊन चांगलं वर आलं होतं. मावशीनं भिंतीवर हात ठेवला. दगड कोमट होता, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं. चुना अगदी बेतशीर, कुठं थेंब ओघळलेला नाही.

"हे बांधायला किती दिवस लागले त्याला?"

"दोन वर्षं. मी तेव्हा लहान होते. डबा घेऊन यायचे मी त्यांचा."

"कुठपर्यंत जाते?"

"लांब जाते. त्या झाडापलीकडे वळते, मग खेळाच्या मैदानाला वळसा घालून पार नदीपर्यंत. तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, मावशी. बसही बाराची आहे."

"बारा वाजायला वेळ आहे," मावशी म्हणाली. तिनं चपला काढून हातात घेतल्या, दुसरा हात भिंतीवरच ठेवला आणि उतारानं चालायला लागली.